वाटीभर पोट

वहिनींनी ऑपरेशनसाठी खास वही घातली होती. शंभर पानी, आखीव. पहिल्या पानावर लाल शाईनं ‘प्रश्न’ असं लिहून खाली दोन रेघा आणि मग क्रमांक घालून चौतीस प्रश्न. प्राथमिक शाळेत बावीस वर्षं शिकवलेल्या बाईंची वही ती. पहिला प्रश्न होता : भुलीतून नक्की उठेन ना? एकोणिसावा : संकष्टी कशी धरायची? आणि सत्ताविसावा : हातातल्या पाटल्या निघत नाहीत, चालेल का?

पुण्यातले सर्जन भले माणूस, पण बाहेर बाकावर अकरा जण ताटकळत बसलेले. त्यांनी पहिल्या पाच प्रश्नांची उत्तरं नीट दिली आणि बाकीचे आहारतज्ज्ञ मॅडमना विचारा म्हणाले. साताऱ्याला परतताना वहिनी गाडीत म्हणाल्या, ‘‘पहिले पाच सोपेच होते.’’

मला तेव्हा तो विनोद वाटला. पुढच्या तीन महिन्यांत कळलं की त्या बरोबर बोलत होत्या. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेत ज्या प्रश्नाची सगळ्यात जास्त भीती वाटते त्याचं उत्तर सगळ्यात दिलासा देणारं असतं. माणसं अडखळतात ती वहीच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. अनुभवी हातांत, दुर्बिणीतून होणाऱ्या या शस्त्रक्रियेत जीव जाण्याचा धोका साधारण हजारात एक किंवा त्याहूनही कमी आहे, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या आसपास. शिवणीतून गळती होणं ही खरी धास्तीची गुंतागुंत. तिचं प्रमाण शंभरात एकाच्या आगेमागे. धोका शून्य नाही, पण भीती धोक्याच्या मानानं फार मोठी आहे. शंभर-सव्वाशे किलो वजन, मधुमेह, रक्तदाब आणि झोपेत अडकणारा श्वास घेऊन पुढची वीस वर्षं तसंच चालत राहण्यातही धोका असतो. तो रोज थोडा थोडा येत असल्यामुळे त्याची वही कोणी घालत नाही.

पोटात नेमकं काय करतात? अमेरिकेत आयोवा विद्यापीठातले सर्जन एडवर्ड मेसन यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा भाग कापून टाकलाय, ते रोगी नंतर बारीक होतात आणि बारीकच राहतात. त्यावरून त्यांनी १९६६ साली लठ्ठपणासाठी पहिली ‘गॅस्ट्रिक बायपास’ केली. तीत जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी ठेवतात आणि पुढचं आतडं तिला आणून जोडतात, म्हणजे अन्न उरलेलं जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून जातं. आज जास्त होते ती ‘स्लीव्ह’. जठराचा बाहेरच्या बाजूचा ७५ ते ८० टक्के भाग उभा कापून काढतात आणि शर्टाच्या बाहीसारखी अरुंद नळी मागे ठेवतात. गंमत अशी, की स्लीव्ह हे मुळात अर्धंच ऑपरेशन. फार वजनाच्या रोग्यांना एका दमात मोठी शस्त्रक्रिया झेपायची नाही म्हणून पहिला टप्पा म्हणून ती करत. पुष्कळांना दुसऱ्या टप्प्याची गरजच पडली नाही, तेव्हा पहिलाच टप्पा स्वतंत्र ऑपरेशन झाला.

उरलेल्या नळीत सुरुवातीला मावतं ते आपल्या जेवणातल्या एका वाटीएवढं. आहारतज्ज्ञ मॅडमनी टेबलावर स्टीलची वाटी ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘ताई, हे तुमचं नवीन पोट.’’ वहिनींनी ती उचलून आतून-बाहेरून पाहिली, बाजारात भांडं पारखतात तशी.

फक्त पोट लहान झाल्यानं वजन उतरत नाही, हे इथंच सांगायला हवं. जठराचा जो वरचा फुगीर भाग काढून टाकतात तिथंच भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं. आतड्यातून मेंदूला ‘पुरे’ असा निरोप देणारी संप्रेरकं उलट वाढतात. डाएट करणाऱ्याचं शरीर उपाशी असल्याची बोंब मारत राहतं, ते शस्त्रक्रियेनंतर बरंच शांत होतं. आमच्या घरात एका आत्याबाईंनी ‘‘मनावर ताबा नाही म्हणून पोट कापायला निघाली’’ असं ऐकवलं, तेव्हा दादानं त्यांना हे घ्रेलिन समजावायचा प्रयत्न केला. उपयोग झाला नाही. पित्ताशय काढणाऱ्याला कुणी आळशी म्हणत नाही, एवढंच मी म्हणालो; त्याचाही झाला नाही.

आता ऑपरेशन कुणाचं करायचं, हे. इथं वजनकाट्यापेक्षा बीएमआय बघतात : किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. वहिनी १०४ किलो, उंची १५५ सेंटिमीटर, बीएमआय ४३. अमेरिकेत १९९१ साली ठरलेला जुना दंडक ४०चा होता, किंवा सोबत आजार असतील तर ३५चा. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो खाली आणला : ३५च्या पुढे आजार असो वा नसो, आणि मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल तर ३०पासून. आशियाई लोकांसाठी तर २७.५पासूनच विचार करावा असं त्यांत म्हटलंय.

आपल्यालाच ही सूट का, याचं उत्तर पुण्यात आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. भारतीय माणूस काट्यावर बारीक भरतो आणि आतून जाड असतो; त्याची चरबी पोटात, यकृताभोवती साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणून आपल्या रेषा खालच्या.

पण ही खालची रेषा डॉक्टरांची झाली. विमा कंपनीची रेषा वेगळी आहे, आणि माणसं पहिली आपटतात ती इथं. २०१९ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयनं पॉलिसीतल्या वगळलेल्या गोष्टींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. तिच्यानुसार लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळायचा तर वय किमान १८, डॉक्टरांचा लेखी सल्ला आणि बीएमआय ४० किंवा जास्त हवा. ३५च्या पुढे असेल तर सोबत लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूचा विकार, हृदयधमन्यांचा आजार, झोपेतला तीव्र श्वासरोध किंवा आटोक्यात न येणारा टाइप-२ मधुमेह यांपैकी काहीतरी हवं आणि साधे उपाय करून ते फसलेले असावेत. म्हणजे ३३ बीएमआयचा मधुमेही सर्जनच्या लेखी योग्य उमेदवार, आणि विम्याच्या लेखी नाही. त्यातून पॉलिसी नवी असेल तर प्रतीक्षा काळ आडवा येतो. तो किती, हे एजंटाच्या तोंडून ऐकू नका, पॉलिसीच्या कागदावर वाचा.

या सगळ्यात उंचीसारखी साधी गोष्ट किती महागात पडते बघा. ९७ किलोच्या बाईची उंची १५५ सेंटिमीटर असेल तर बीएमआय ४०.४. स्वागतकक्षातल्या मुलीनं तिला चपला घालूनच मापलं आणि १५८ लिहिलं, की तोच ३८.९ होतो आणि अर्ज परत येतो. तेव्हा उंची अनवाणी, भिंतीला टाच टेकवून, आणि वजन-उंची-तारीख लिहिलेला पहिल्या भेटीचा कागद जपून ठेवायचा. ऑपरेशनआधीच्या आहारानं वजन उतरतं, ते उतरण्याआधीचा पुरावा लागतो. आधी कुठल्या आहारतज्ज्ञाकडे गेला होतात, जिम लावली होती, त्याच्या पावत्याही फाइलला लावा. ‘साधे उपाय फसले’ हे तोंडी सांगून चालत नाही. वहिनींकडे अशा फसलेल्या उपायांची पिशवीच होती. आयुष्यात पहिल्यांदा तिचा उपयोग झाला.

खर्च काही लाखांत जातो. रुग्णालयाचं अंदाजपत्रक हातात आलं की एक गोष्ट विचारायची : स्टेपलर धरलेत का? जठर कापताना आणि त्याच वेळी शिवताना एकदाच वापरायची यंत्रं लागतात. त्यांच्या साधारण ६० मिलिमीटर लांबीच्या पट्ट्या असतात, एका स्लीव्हला अशा पाच-सहा सहज लागतात, आणि बिलातला मोठा घास त्यांचाच असतो. त्या टायटॅनियमच्या बारीक टाचण्या जन्मभर आत राहतात. वहिनींचा एकतिसावा प्रश्न होता, विमानतळावर वाजेल का? वाजत नाही. वहिनी विमानात अजून बसलेल्या नाहीत, पण उत्तर लिहून घेतलं.

तपासण्यांची यादी लांबलचक असते आणि ती सगळी इथं देत नाही; रुग्णालय छापील कागद देतंच. मात्र काही तपासण्या कशासाठी, हे कळलं तर कंटाळा कमी येतो. एंडोस्कोपी केवळ अल्सर शोधायला नसते. छातीत फार जळजळ होणाऱ्याला स्लीव्हनंतर ती वाढू शकते, तेव्हा बायपासचा विचार करावा लागतो. आणि बायपासनंतर उरलेल्या जठरात साध्या दुर्बिणीनं पुन्हा डोकावता येत नाही. सोनोग्राफीत पित्ताचे खडे बघतात, कारण वजन झपाट्यानं उतरताना नवे खडे होतात आणि म्हणून नंतर सहा महिने त्यावरची गोळी देतात. बी-१२ची तपासणी तर आपल्याकडे टाळूच नये. हे जीवनसत्त्व आतड्यात शोषलं जायला जठरात तयार होणारा एक घटक लागतो, आणि नेमकं जठरच आपण कापतोय. ज्याच्या कोठारात साठा आहे त्याला कमतरता जाणवायला दोन-तीन वर्षं लागतात. आपल्याकडच्या शाकाहारी माणसाचं कोठार बऱ्याचदा आधीच रिकामं असतं.

रक्तदाबाची गोष्ट थोडी वेगळी. दंड मोठा आणि पट्टा लहान असेल तर दाब आहे त्याहून जास्त दिसतो. वहिनी गावातल्या दवाखान्यात दोन वर्षं लहान पट्ट्यानं दाब मोजून घेत होत्या आणि गोळीचा डोस चढत होता. पुण्यात नर्सनं न सांगता मोठा पट्टा काढला. रुग्णालय निवडताना मी तरी आता असल्या गोष्टी बघेन : मोठा पट्टा आहे का, खुर्च्यांना हात आहेत की बिनहाताच्या रुंद आहेत, गाऊन मागून मिटतो का. ऑपरेशनच्या टेबलाची वजनमर्यादा विचारायलाही लाजू नये.

घोरणं हा आमच्या घरात थट्टेचा विषय होता. दादा कित्येक वर्षं हॉलमध्ये झोपतो. स्लीप स्टडीत दिसलं की वहिनींचा श्वास झोपेत तासाला कितीतरी वेळा अडकतो. अशा माणसाला भूल देणं आणि भुलीतून बाहेर काढणं जास्त जोखमीचं, म्हणून ऑपरेशनआधी काही आठवडे रात्री सीपॅप या श्वासाच्या यंत्राचा मास्क लावायला देतात. मास्क लावून पहिल्या आठवड्यातच वहिनी म्हणाल्या, शाळेत दुपारी पेंग येत नाही. हे यंत्र रुग्णालयात सोबत न्यायचं असतं. पुष्कळ जण ते घरी विसरतात, कारण बॅग भरणाऱ्याला ते औषध वाटत नाही.

भूलतज्ज्ञांनी विचारलं, तंबाखू? वहिनी म्हणाल्या, नाही हो! मी बाहेर आल्यावर विचारलं, आणि मिश्री? त्या म्हणाल्या, ती तर दाताला लावायची. गावाकडच्या निम्म्या आयाबाया हेच उत्तर देतील. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं, रक्तवाहिन्या आवळतं आणि शिवण भरून यायला अडथळा करतं. बायपासनंतर जोडाच्या जागी अल्सर होण्याचं हे मोठं कारण आहे. सिगारेट, गुटखा, मिश्री, सगळं किमान सहा आठवडे आधी बंद, आणि नंतरही कायमचं. आम्ही परत आत गेलो आणि सांगितलं. तारीख दीड महिना पुढे गेली. वहिनी माझ्यावर आठवडाभर रागावल्या होत्या.

असंच काढ्यांचं, वजन उतरवणाऱ्या चूर्णांचं आणि शेजारणीनं दिलेल्या गोळ्यांचं. औषध म्हणून न मोजलेलं सगळं भूलतज्ज्ञांपुढे ठेवायचं. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवतात, नाहीतर साखर नॉर्मल दिसत असतानाच रक्तात आम्ल साठतं. २०२५पासून आपल्याकडे मौंजारो, वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं मिळू लागली. ती चालू असतील तर जठर हळू रिकामं होतं, तेव्हा तेही सांगायला हवं. इंजेक्शन की ऑपरेशन, हा वाद मी इथं काढत नाही. इंजेक्शन बंद केलं की वजन बरंचसं परत येतं आणि ऑपरेशन परत घेता येत नाही, या दोन्ही गोष्टी घरात बसून नीट तोलाव्यात.

ऑपरेशनआधीचे दोन आठवडे. या आहाराबद्दल सगळ्यात जास्त कुरकुर ऐकू येते, कारण लोकांना वाटतं सर्जन आपली परीक्षा बघतोय. तसं नाही. यकृताचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकावर झाकणासारखा पडलेला असतो. सर्जनला तो एका आकड्यानं वर उचलून धरावा लागतो आणि त्याखाली काम करावं लागतं. लठ्ठ माणसाचं यकृत चरबीनं फुगलेलं, जड आणि ठिसूळ असतं. उचलताना फाटून रक्त येऊ शकतं. आपण खाल्लेला भात-पोळी-साखर यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठते, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. दोन आठवडे पिष्टमय पदार्थ तोडून दिवसाला ८०० ते १००० कॅलरींवर राहिलं की हा साठा आणि ते पाणी निघून जातं, चरबीही थोडी उतरते, यकृत आक्रसतं. जागा होते. या दिवसांत इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडचा डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्यायचा, नाहीतर साखर घसरून चक्कर यायची.

आणि याच दोन आठवड्यांत सगळं गाव खाऊ घालायला येतं. ‘‘नंतर काही खाता यायचं नाही गं तुला,’’ म्हणत वहिनींच्या आई कंदी पेढ्यांचा किलोचा पुडा घेऊन आल्या. मामींनी पुरणपोळीचा बेत केला. शेवटचं जेवण असल्यासारखं सगळे वाढत होते. वहिनींनी पेढे बाजूच्या अंगणवाडीत वाटले, पुरणपोळीच्या दिवशी मात्र दीड पोळी खाल्ली आणि वहीत तारखेसह लिहून ठेवलं. मॅडमनी ते वाचून काही न बोलता पुढचं पान उलटलं.

घरातली खरी तयारी स्वयंपाकघरात होते. ऑपरेशननंतर पहिले दोन आठवडे पातळ : गाळलेलं ताक, मुगाचं कढण, वरणाचं पाणी, नारळपाणी. मग दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी साधं जेवण. हा क्रम सगळीकडे थोडाफार असाच. अडचण प्रथिनांची. दिवसाला किमान ६० ग्रॅम हवीत. पाव लिटर दुधात आठ, एका अंड्यात सहा, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊ, वाटीभर पातळ वरणात चार-पाच. बेरीज करून बघा, वाटीभर पोटात ६० बसत नाहीत. म्हणून पावडर लागते. ती ऑपरेशनच्या आधी चाखून ठेवावी, पण दोन किलोचा डबा आधीच घेऊन ठेवू नये. नंतर चव बदलते. आधी आवडलेल्या चॉकलेटच्या वासानंही मळमळतं. आमच्याकडे तो डबा माझ्या पुतण्यानं संपवला आणि दंड वाढवले.

पाणी ही दुसरी शिस्त. जेवताना पाणी नाही, आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. आपल्याकडे जेवायला बसायची तयारीच पाट-पाणी. त्यातलं पाणी काढून घेतलं की हात सारखा भांड्याकडे जातो. वहिनींनी महिनाभर आधीपासून तांब्या जेवणघरातून हलवला. बाकी वेळी दिवसाचं दीड लिटर, पण घोट घोट. हिशेब मांडला तर दर पाव तासाला ३० मिलिलिटर असे पन्नास घोट, म्हणजे साडेबारा तास. शाळेत मुलांनी विचारलं, बाई सारख्या काय पिताय? तेव्हा ऑपरेशन व्हायचंच होतं. त्या सराव करत होत्या.

संकष्टीचं उत्तर सरळ होतं : पहिल्या वर्षी नाही. दिवसभर निर्जळी किंवा साबुदाण्यावर राहण्यात पाणीही जातं आणि प्रथिनंही. वहिनींनी ते ऐकलं, घरी आल्या आणि देवापुढं दिवा लावून परवानगी मागितली. गणपतीला त्या जे सांगायचं ते सांगतात, त्यात मी पडत नाही.

यापेक्षा अवघड निघालं ते पानात टाकणं. आपण लहानपणापासून शिकतो, पानात टाकू नये. ताट पुसून खाणाऱ्याचं कौतुक होतं. पोट वाटीएवढं झाल्यावर एक घास जास्त झाला की छातीत गोळा अडकतो, घाम फुटतो, उलटी होते. आणि आपल्याकडे पंगतीत आग्रह करून वाढणारा माणूस ‘नको’ला ‘थोडं चालेल’ समजतो. मॅडमनी वहिनींना गृहपाठ दिला : ऑपरेशनआधी महिनाभर रोज एक घास पानात टाकायचा, मुद्दाम. पहिल्या दिवशी त्यांनी टाकलेला घास आमच्या आईनं उचलून स्वतः खाल्ला. चौथ्या दिवशी वहिनींनी आईला जवळ बसवून सगळं समजावलं. माझ्या मते त्या घरातली शस्त्रक्रिया त्या दिवशी झाली.

सांगायचं कुणाला, हा प्रश्न त्यातूनच येतो. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि उघडपणे सांगितलीही, त्यामुळे मराठी घरांत ‘ते गडकरींचं ऑपरेशन’ म्हटलं की निदान अर्धं समजतं. तरी ‘हर्निया केला’ म्हणून सांगणारे पुष्कळ आहेत. सगळ्या गावाला सांगायची काही सक्ती नाही. पण जो तुम्हाला वाढतो आणि जो रात्री गाडी काढू शकतो, त्या दोघांना खरं माहीत हवं. गळती झाली तर पोट दुखण्याआधी नाडी धावते. १२०च्या पुढे नाडी, ताप, धाप, डाव्या खांद्यात कळ, यांतलं काहीही झालं तर ऑपरेशन केलेल्या सर्जनलाच गाठायचं. गल्लीतल्या दवाखान्यात ॲसिडिटीचं इंजेक्शन घेऊन झोपायचं नाही. साताऱ्याहून पुणं सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, तरी आम्ही पहिले दहा दिवस वहिनींना पुण्यात चुलत बहिणीकडे ठेवलं. उलट्या थांबतच नसतील तर बी-१ कमी पडून मेंदूला इजा होते, हेही कागदावर लिहून फ्रीजला चिकटवलं होतं.

सुट्टी : बैठं काम असेल तर दोन आठवडे, कष्टाचं असेल तर महिना-दीड महिना. तेवढे दिवस पाच किलोपेक्षा जड उचलायचं नाही. पाच किलो म्हणजे नेमकं काय, हे घरातल्या बाईला सांगावं लागतं. भरलेली बादली पंधरा किलोंच्या पुढे जाते. पाण्याचा हंडा, बादलीभर ओलं धुणं, मिठी मारायला धावत येणारा चार वर्षांचा नातू, सगळं त्यात येतं. वहिनींनी दिवाळीची सुट्टी निवडली होती. मॅडम म्हणाल्या, घरात चकलीचा वास आणि तुमच्या हातात वरणाचं पाणी, जमेल? मिश्रीमुळे तारीख पुढे गेली होती, ते बरंच झालं म्हणायचं.

पुढे येणाऱ्या काही गोष्टी आधीच माहीत असाव्यात. तीन ते सहा महिन्यांत केस गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि वर्षानुवर्षं न राहिलेला गर्भ राहतो. पण पहिलं वर्ष-दीड वर्ष तो टाळायचा असतो, आणि बायपासनंतर नुसत्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवत नाहीत. दारू फार लवकर चढते. कॅल्शियम, लोह, डी, बी-१२ हे जन्मभर. कातडी लोंबते. शिंपी ब्लाऊजला माया सोडतो ती वाढत्या अंगासाठी. वहिनींनी त्याला आता उलट शिवायला सांगितलं, सैल घेऊन पुन्हा पुन्हा आत घालता येईल असं. तो वहीत माप लिहायला लागला तेव्हा म्हणाल्या, पेन्सिलनं लिही.

राहिल्या पाटल्या. शस्त्रक्रियेत रक्त थांबवायला विजेचं उपकरण वापरतात, अंगावर धातू असेल तर भाजण्याची भीती असते. शिवाय हातावर सूज आली तर बांगडी रुतते. म्हणून अंगावर काहीच नको. मंगळसूत्र, जोडवी, चमकी निघाली. लग्नात घातलेल्या पाटल्या साबणानं, तेलानं, प्लास्टिकची पिशवी गुंडाळूनही मनगटावरून सरकेनात. ऑपरेशनच्या आदल्या रात्री वॉर्डात हे कळलं असतं तर कटरनं कापल्या असत्या. सत्ताविसाव्या प्रश्नामुळे तीन आठवडे आधी कळलं. साताऱ्यातल्या घरच्या सोनाराकडे गेलो. त्यानं मनगटाखाली चामड्याचा तुकडा सरकवला, बारीक करवतीनं हलक्या हातानं एक एक पाटली जोडाजवळ चिरली आणि पसरवून काढली. खाली गोरापान, वळ पडलेला पट्टा होता. बावीस वर्षं ऊन न लागलेला. वहिनी त्यावरून बोट फिरवत राहिल्या. रडल्या नाहीत, पण सोनारानं चहा मागवला.

ऑपरेशनला आता सात महिने झाले. वजन ७६ किलो आहे. परवा सोनाराचा निरोप आला, पाटल्या जोडून ठेवतो, मनगटाचं माप द्या. वहिनींनी कळवलं, अजून थांबा, माप ठरायचंय.